सूर्याचा घरमालक

सूर्यावर मालकी सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि त्याच्याच घरात अकरा वर्षं भाड्यानं राहिलो. हायस्कुलात विज्ञान शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणायचे. तोंडावर मीपण मास्तर म्हणायचो, तुमी म्हणायचो. पाठ वळली की तो. इथं त्याची पाठच आहे, तेव्हा तो म्हणूनच सांगतो.

पनवेलला वडाळे तळ्याच्या मागच्या अंगाला त्याचं घर. तळाला आम्ही नवरा-बायको, वरच्या मजल्यावर तो एकटा, त्याच्यावर गच्ची, आणि गच्चीवर त्याचा संसार. संसार म्हणजे सोलरच्या सहा प्लेटा. लग्न त्यानं केलं नव्हतं. का नाही केलं असं कुणी विचारलं की म्हणायचा, "वेळ झाला नाही." रिटायर होऊन वर्षं उलटली होती, सकाळ-संध्याकाळ मोकळाच असायचा, पण वेळ काही झाला नाही.

ती वर्षं लोडशेडिंगची. रोज तीन-तीन, चार-चार तास लाईट जायची, आणि जायची ती बरोबर दुपारची. अख्खं पनवेल वर्तमानपत्राच्या घडीनं वारा घेत बोर्डाच्या नावानं शिव्या घालायचं. आमचा मास्तर मात्र लाईट जाण्याची वाट बघायचा. पंखा थांबला रे थांबला की वरून त्याची आरोळी, "गेली!" मुलगा पास झाल्यावर बाप ओरडतो तशी. मग तो धावत जिन्याच्या टोकाच्या खोलीत. तिथं त्याच्या दोन मोठ्या बॅटऱ्या, इन्वर्टर आणि भिंतीवर लाकडी पाटीवर बसवलेला एक दांडगा खटका. खटक्याच्या वर त्यानं लाल रंगानं लिहिलं होतं 'सरकार' आणि खाली 'सूर्य'. दांडा खाली ओढला की प्लेटांनी भरलेल्या बॅटऱ्यांची लाईन घरात. हे काम आपोआप करणारं यंत्र मिळतं, असं वायरमननं त्याला शंभर वेळा सांगितलं असेल. मास्तरचं एकच, "आपोआप झालं तर मी काय करू?"

आणि मग तो दुपारी बारा वाजता, रणरणत्या उन्हात, गॅलरीतला बल्ब लावायचा.

उन्हात पेटलेला बल्ब दिसतो होय? पण मास्तर खाली उभा. बनियन, पायजमा, हात मागे बांधलेले. रस्त्यानं जाणारा कुणी वर बघतोय का यावर डोळा. कुणी बघितलं की बोट बल्बाकडे. कुणी नाहीच बघितलं तर स्वतःच, "आमच्याकडे आहे!" एकदा एक रिक्षावाला थांबला, त्याला वाटलं खोली भाड्यानं द्यायची आहे.

मोबाईल तेव्हा नुकते सगळ्यांच्या हातात आले होते. लाईट गेली की आळीतली माणसं मास्तरकडे चार्जिंगला. हा नाही म्हणायचा नाही. पण प्लग द्यायच्या आधी प्रश्न विचारायचा. सूर्य पृथ्वीपासून किती लांब? प्रकाश यायला किती मिनिटं लागतात? उत्तर बरोबर आलं तर पुरतं चार्जिंग, चुकलं तर अर्धं. घड्याळ लावून अर्धं. बँकेत हेडक्लार्क असलेला माणूस त्याच्या जिन्यात मान खाली घालून उभा राहिलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे.

उरणहून एक कोळीण मासे घेऊन यायची. तिनंही एकदा फोन पुढं केला. मास्तरनं विचारलं, "सूर्य किती लांब आहे?"

कोळीण म्हणाली, "मास्तर, माज्या घरापासून लय लांब हाय. तुमच्या घरात र्‍हातो त्यो, तर तुमीच मोजा ना."

मास्तरनं तिला पुरतं चार्जिंग दिलं. खाली येऊन मला म्हणतो, "बाईला दृष्टी आहे." टोमणा त्याच्या डोक्यावरून गेला होता. त्याच्या डोक्यावरून बरंच जायचं, कारण डोकं कायम वर, प्लेटांकडे.

त्या प्लेटांची बडदास्त काय सांगू! सकाळी उठून आधी त्यांची अंघोळ, मग स्वतःची. मऊ फडकं, गाळलेलं पाणी. कावळा शिटला की मास्तरचा चेहरा असा व्हायचा की जणू त्याच्या अंगरख्यावर घाण पडली. गच्चीवर पापड नको, कुरडया नको, सुकट तर नकोच नको. पितृपक्षात आमच्या हिनं माझ्या बापाच्या नावानं कावळ्याला पान ठेवायला गच्चीवर जायचं म्हटलं, तर हा दारात आडवा. "वहिनी, कावळे येतील."

"यायलाच तर ठेवते. मग काय न यायला ठेवू?"

"प्लेटांवर बसतील."

ही म्हणाली, "म्हंजे तुमच्या प्लेटा माज्या सासऱ्यांपेक्षा मोठ्या?"

मास्तरनं खरोखर विचार केला. "क्षेत्रफळानं," म्हणाला.

ती खाली आली आणि पान हातात तसंच धरून हसत सुटली. माझ्या बापाचं पान त्या वर्षी मागच्या कंपाउंडच्या भिंतीवर ठेवलं. हसता हसता तिला खोकला लागला तो कितीतरी वेळ थांबला नाही. तेव्हा आम्ही म्हटलं, हसण्यानं लागला.

हसण्यानं लागला नव्हता. आमची ही भाताच्या गिरणीत पंचवीस वर्षं कामाला होती. मी न्हावा शेव्याच्या बंदरात ट्रेलरवर, महिन्यातले पंधरा दिवस रस्त्यावर. मूलबाळ झालं नाही. रिकाम्या घरात बसून काय करू म्हणून ती गिरणीत जायची, ती तिथलीच झाली. तांदूळ लोकांनी खाल्ला आणि तूस हिच्या छातीत राहिलं. मोठ्या डॉक्टरनं फोटो बघितला, मान हलवली, आणि घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं. दुकानातून भाड्यानं आणलेलं, गुडघ्याएवढं, चाकांचं. दिवसरात्र घरघर करायचं. त्याची पातळ नळी हिच्या नाकात. नळी नाकात असेपर्यंत ही माणूस, भांडायची, मला कामाला लावायची, मास्तरची नक्कल करायची. नळी काढली की पंधरा-वीस मिनिटांत ओठ जांभळे. ट्रेलर सोडून मी घरी बसलो. मशीन चालायचं विजेवर. आणि वीज रोज दुपारी जायची. अडीअडचणीला एक छोटा सिलेंडर होता. तो संपला की भरून आणायचा, कोपऱ्यावरच्या दुकानातून.

पहिल्याच दिवशी लाईट गेली, मशीननं शिट्टी मारली, मी सिलेंडरशी झोंबत होतो. नवा होता, चावी उलटी फिरवत होतो. दारात मास्तर. बघत उभा राहिला. मग वर गेला. मला वाटलं बल्ब लावायला गेला. संध्याकाळी वायरमनला घेऊन आला, जिन्यातून एक लाल वायर खाली आणली, आमच्या पलंगामागं नवा प्लग बसवला, आणि हिच्यापुढं येऊन म्हणाला, "वहिनी, तुम्हाला सूर्य दिला."

ही म्हणाली, "मास्तर, झेपंल ना मला? जल्म सगळा गिरणीच्या सावलीत गेलाय."

झेपला. पण मास्तरचा सूर्य होता, फुकटचा असला तरी बिनशर्त कसा मिळणार? त्या प्लगला फक्त मशीन. मिक्सर लावायचा नाही, टीव्ही नाही, इस्त्री तर स्वप्नातही नाही. आम्ही चोरून काही लावतोय का ते ऐकायला हा जिन्यात उभा राहायचा. ही पलंगावरून ओरडायची, "मास्तर, आत येऊन ऐका, भायेर डास हायेत!"

आणि रविवार. रविवार आला तेव्हा मला त्याचं खरं पाणी कळलं. दुपारी लाईट गेली, मशीन थांबलं, मी वाट बघतोय. एक मिनिट, दोन मिनिटं. खटक्याचा आवाज नाही. वर धावलो. मास्तर गॅलरीत बंद पडलेल्या पंख्याखाली टॉवेलनं घाम पुसत बसलेला.

"मास्तर, सूर्य?"

"आज रविवार."

"मंग?"

"रविवार त्याचा वार. स्वतःच्या वारी कुणी कामावर जातं का? शिवाय बॅटरीलाही विसावा लागतो." आणि मग त्याचं ते ठरलेलं वाक्य, जे तो कुठल्याही येडेपणाला शेपूट म्हणून लावायचा, "श्रद्धा नव्हे, खबरदारी."

विज्ञानाचा मास्तर! तीस वर्षं पोरांना शिकवून आलेला. आणि मी चौथी नापास. मी म्हटलं, "मास्तर, हिच्या फुप्फुसाला कुठल्या वारी सुट्टी द्यायची तेवडं सांगा. म्हंजे दोगांची एकाच दिवशी बसवतो."

तो टॉवेल खांद्यावर टाकून उठला. मी खाली येईपर्यंत मशीन घरघरायला लागलं होतं. त्यापुढं रविवारचा सूर्य आमच्या खोलीत यायचा, पण फक्त आमच्या खोलीत. मास्तर स्वतः वर उकडत बसायचा. नियम मोडला तो आमच्यापुरता. स्वतःपुरता त्यानं पाळला. असल्या माणसाला नीट शिवीही देता येत नाही.

मला एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. बॅटरी मला कळायची. त्याला नाही. त्याला पुस्तक कळायचं. ट्रेलरच्या बॅटरीत पस्तीस वर्षं मी पाणी घातलं, टर्मिनलवरचा पांढरा बुरा गरम पाण्यानं धुतला, ग्रीस लावलं. मी एकदा त्याला म्हटलं, "मास्तर, पाणी कमी झालंय, डिस्टिल वॉटर टाका." त्यानं मला ते पाणी कसं तयार होतं, वाफ कशी होते, थंड कशी होते, हे अर्धा तास सांगितलं. पाणी मीच टाकलं.

आता ग्रहणाचं.

त्या थंडीत सूर्यग्रहण होतं. दुपारचं. पेपरात आठ दिवस आधीपासून चित्रं. मी लक्ष दिलं नाही. ज्याला घरात बायकोचा श्वास मोजावा लागतो त्याला आकाशात काय चाललंय याचं काय? सकाळी गच्चीकडे मान गेली तर प्लेटांवर पांढरी धोतरं पसरलेली. मला वाटलं मास्तरनं धुणं वाळत घातलंय. मनात म्हटलं, आम्हाला पापड घालू देत नाही आणि स्वतःची धोतरं चालतात.

बाराच्या सुमाराला लाईट गेली. मशीनची शिट्टी. मी खटक्याची वाट बघितली. नाही. सिलेंडर लावला. काटा तळाला. आदल्या दिवशी लाईट दोनदा गेली होती, मास्तर तेव्हा जिन्यावरच्या खोलीला कुलूप घालून बाहेर होता, सिलेंडर खर्ची पडला होता. सकाळी भरून आणायला गेलो तर दुकान बंद, फळीवर खडूनं लिहिलेलं, 'ग्रहण सुटल्यावर.' मी म्हटलं होतं, असू दे, मास्तरचा सूर्य आहे.

हिनं माझ्याकडे बघितलं. बोलायला दम पुरायचा नाही तेव्हा ती चमच्यानं स्टीलच्या पेल्यावर टकटक करायची, तो आमचा ठरलेला इशारा. पेला तिच्या हाताशी ठेवला आणि वर पळालो.

मास्तर खोलीच्या मधोमध पाटावर बसलेला. अंगावर ओलं पंचं, अंगावरून पाणी गळतंय, थंडीनं कुडकुडतोय, हातात जपमाळ, डोळे मिटलेले.

"मास्तर, लाईट गेलीय!"

डोळे उघडले. एक बोट ओठांवर.

"अवो, मशीन बंद हाय!"

त्यानं शेजारची पाटी उचलली. शाळेतली, लाकडी चौकटीची. पेन्सिलनं लिहिलं आणि माझ्यासमोर धरली. 'मौन.'

मी जिन्याच्या खोलीत गेलो. खटका खाली ओढला. काही नाही. वाकून बघतो तर दोन्ही बॅटऱ्यांच्या वायरी काढून बाजूला ठेवलेल्या, गुंडाळून, नीट दोरीनं बांधून. आणि बॅटऱ्यांची बारा झाकणं उघडी. आत डोकावलो. प्रत्येक कप्प्यात एक तुळशीचं पान.

मला क्षणभर कळेचना. मग कळलं. ग्रहणात बाया काय करतात? पाण्याच्या हंड्यात, दुधात, लोणच्याच्या बरणीत तुळशीचं पान टाकतात, पाणी बाटू नये म्हणून. बॅटरीत पाणी असतं. मीच तर सांगितलं होतं, पाणी टाका. तेजाबाच्या पाण्यात तुळस! पानं काळी पडून आकसली होती, जळक्या कागदासारखी.

मी परत त्याच्यासमोर. "पाना कुठं हाय? बारा-तेराचा पाना!"

त्यानं पाटी पुसली. हाताच्या तळव्यानं, सावकाश, चारही कोपरे. लिहिलं, 'मोक्ष तीन वाजता.'

"मोक्ष हिला मिळंल तोपर्यंत! मास्तर, पाना द्या!"

पाटी पुसली. पुन्हा लिहायला लागला. पेन्सिल पाटीवर कर्रकर्र वाजत होती. 'श्रद्धा न' एवढं झालं होतं. मी पाटी त्याच्या हातातून ओढून घेतली आणि भिंतीवर आपटली. फुटली. तरी तो गप्प. मी त्याचं पंचं धरलं. पासष्ट-सत्तर वर्षांचा ओला म्हातारा, हातात चिमणीएवढा हलका लागला. मारलाही असता मी त्याला. खोटं का बोलू.

तेवढ्यात जिन्यातून आवाज आला. टक. टक. मग बराच वेळ काही नाही. मग टक.

मास्तरनं मान वळवली. पुढच्या टकची वाट बघितली. ती आली नाही.

"डबीत," तो म्हणाला. सकाळपासून न बोललेला आवाज, चिरका, कोंबडीच्या पिल्लासारखा. "देवघरात, कुंकवाच्या डबीशेजारच्या डबीत. पाना. तिथेच आहे. मी ठेवला तिथे. पाना तिथेच आहे!"

तो देवघराकडे, मी बॅटरीकडे. पाना घेऊन तोच धावत आला, पंचं सुटत होतं, एका हातानं पंचं आणि एका हातात पाना. मी वायर चढवली, पिळली. दुसरी चढवताना चटकन ठिणगी उडाली, मास्तर "अरे देवा" म्हणून मागं सरकला, आणि मग स्वतःच खटक्यावर झेपावला. मी जिना उतरलो तो पायऱ्या न मोजता.

मशीन चालू झालं होतं. हिचे ओठ मी काय रंगाचे बघितले ते लिहीत नाही. नळी नाकात नीट बसवली. पेला पलंगाखाली पडला होता. पाठ चोळत बसलो. किती वेळ गेला देव जाणे. हळूहळू रंग परत आला. डोळे उघडले. माझ्या मागं दारात बघितलं. मास्तर, ओलाचिंब, दाराच्या चौकटीला धरून उभा, आत यायची हिंमत नाही.

तिनं विचारलं, "मास्तर, सुटलं ग्रान?"

"नाही वहिनी. अजून दोन तास आहेत."

"मंग बोलताय कसे?"

मास्तर म्हणाला, "चुकून."

ती हसली. दम नव्हता, तरी हसली. मला मात्र हसू आलं नाही, आणि मी त्याच्याशी आठ दिवस बोललो नाही.

बोलायला लागलो तेही बॅटरीमुळंच. दोन आठवड्यांत एक बॅटरी बसली. चार तास ओढायची ती पाऊण तासात मान टाकायला लागली. बसणारच, तेजाबात पानं घालून कुणाची बॅटरी धडधाकट राहिली आहे? मी झाकणं उघडून त्याला आतला काळा गाळ दाखवला. मास्तर चष्मा लावून वाकून बघत राहिला. मला वाटलं आता तरी म्हणेल, चुकलो. त्यानं चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाला, "पाहिलंत? मी सांगत होतो. ग्रहणाचा परिणाम होतो."

मी तोंड धुवायला गेलो.

नवी बॅटरी दोन दिवसांत आली. शिकलेला माणूस चूक कबूल करत नाही, सामान बदलतो.

पण त्या ग्रहणापासून मास्तरमध्ये एक फरक पडला, आणि तो मी न सांगणं अन्याय होईल. लाईट गेली की आता "गेली!" अशी आरोळी येईना. खटक्याचा आवाज यायचा आणि लगेच जिन्यात चपलांची धडधड. मास्तर आमच्या दारात. "चालू झालं?" मशीनकडे बघायचा, हिच्याकडे बघायचा, मग वर जायचा. रोज. त्याच्या गुडघ्यांचं दुखणं होतं, चढताना कण्हायचा ते खालपर्यंत ऐकू यायचं. गॅलरीतला बल्ब लावायचा विसरूनच गेला. आळीतल्या लोकांना वाटलं, मास्तरच्या प्लेटा बिघडल्या. कुणी तसं विचारलं तर पूर्वी त्यानं तासभर भाषण दिलं असतं. आता म्हणायचा, "चालू आहेत," आणि आत.

ही म्हणायची, "मास्तर दारात आले म्हंजे लाईट गेली समजायचं. मास्तर, येकदा लाईट असताना या की. तुमचं तोंड बघितलं की माजा जीव घाबरतो."

"लाईट असताना काय काम?"

"चा पिवा."

"चहा मी घेत नाही," म्हणाला आणि बसून दोन कप प्यायला.

आम्ही त्याच्यावर किती हसलो त्या वर्षी! संध्याकाळी ही मला त्याची नक्कल करून दाखवायची. नळी मिशीसारखी ओठावर ओढायची आणि म्हणायची, "सूर्य किती लांब आहे? चुकलं! अर्धाच श्वास मिळंल." मी म्हणायचो, बोलू नको, दम लागंल. ती म्हणायची, दम काय, लागतोच हाय, हसून तरी लागू दे.

पावसाळ्यात ती गेली. छातीत कफ धरला, ताप चढला, दवाखान्यात नेली. मोठा दवाखाना, काचेची दारं, तळघरात जनरेटर. पाच दिवस होती. पाच दिवसांत तिथं दिवा एकदाही लुकलुकला नाही. आठ महिने मी लाईटवर डोळा ठेवून बसलो होतो, वैऱ्यावर ठेवतात तसा. लाईटनं काही केलं नाही. ती भर उजेडात गेली, सगळी यंत्रं चालू असताना, सकाळी नऊ वाजता, नर्स माझ्याशी बोलत होती तेव्हा.

मास्तर स्मशानात आला होता. एका बाजूला छत्री धरून उभा. माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मला तेव्हा राग आला. इतर वेळी ज्याचं तोंड मिटत नाही त्याला नेमकं आज काही सुचू नये?

कार्य उरकलं. पाहुणे गेले. दुकानाची माणसं येऊन मशीन घेऊन गेली. ते होतं तिथं फरशीवर चार चाकांचे डाग राहिले, मी ते पुसले नाहीत. दुपारी भिंतीला टेकून बसलो होतो. पंखा थांबला.

मी हललो नाही. मला उठायचं कारण नव्हतं. लाईट गेली आणि किती महिन्यांत पहिल्यांदा माझ्या छातीत काही झालं नाही. त्याचंच मला वाईट वाटत होतं.

वर खटका पडला. आणि जिन्यात चपला. धडधड, धडधड, मधेच एक पायरी चुकल्याचा आवाज, पुन्हा धडधड. मास्तर दारात. चष्मा एका कानावर लोंबतोय, श्वास वर लागलेला.

"चालू झालं?"

मी त्याच्याकडे बघितलं. तो मशीनकडे बघायला वळला. जिथं मशीन असायचं तिथं त्यानं बघितलं. बराच वेळ बघितलं.

मी वाट बघत होतो. काहीतरी म्हणेल. शिकलेला माणूस, प्रत्येक गोष्टीला त्याच्याकडे कारण. प्रकाश इतक्या मिनिटांत येतो, पाणी असं वाफ होतं, बॅटरी तशी बसते. याचं काहीतरी कारण सांगेल. त्यानं चष्मा काढून हातात धरला आणि तसाच उभा राहिला, वर्गात उत्तर न आलेल्या पोरासारखा.

"मी," तो म्हणाला, "धावत आलो."

"ऐकलं," मी म्हटलं.

"ती वायर... काढून घेऊ का?"

काढा म्हणणार होतो. जिभेवर आलं होतं. "नको," मी म्हटलं. "आज नको."

तो पलंगावर बसला नाही. पलंगाकडे बघितलं आणि खाली फरशीवर, माझ्या शेजारी, गुडघे धरून, कण्हत बसला. लाईट कधी परत आली, ते त्या दिवशी दोघांनाही कळलं नाही.